दोन दुर्बिणी आणि कानफाटी

माणसाला दोन वाईट गोष्टींतून एक निवडायला सांगितली तर तो कुरकुरत का होईना निवडतो. दोन चांगल्यांतून एक निवडायला सांगितली की त्याचं जेवणातलं लक्ष उडतं. गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलानं माझा असा छळ केला आणि वर त्याला भेट म्हणाला.

मी वडवणीत शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर तलावावर जाऊन पक्षी बघायचा नाद लागला. घरात एक जुनी दुर्बीण होती, तिच्यातून बगळा आणि काठावर अडकलेली पांढरी पिशवी यांतला फरक कळत नसे. मी हे एकदा मुलाला फोनवर हसत हसत सांगितलं. तो पुण्यात नोकरीला आहे. त्यानं ओळखीच्या दुकानदाराकडून एकदम दोन दुर्बिणी पाठवल्या, दोन्ही परदेशी, दोन्ही आपापल्या गोटात नावाजलेल्या. "आई, महिनाभर दोन्ही वापर. आवडेल ती ठेव, दुसरी परत पाठव," तो म्हणाला. नवऱ्यानं किंमत ऐकली आणि म्हणाला, "एवढ्यात दुभती म्हैस आली असती." मग खोकी उघडून बघितली आणि म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन."

एक हिरवी होती, एक काळी. कंपन्यांची नावं मला धड उच्चारता येत नव्हती, म्हणून आमच्या घरात त्या हिरवी आणि काळी म्हणूनच वावरल्या. हिरवी आठ पट मोठं दाखवणारी, काळी दहा पट. मला वाटलं, मग प्रश्नच मिटला, दहा आठापेक्षा जास्त. पण चित्र दहा पट मोठं होतं तेव्हा हाताची थरथरही दहा पट होते, हे काळी डोळ्याला लावल्यावर कळलं. काळीत बगळ्याचं पीस न् पीस दिसे, पण बगळा सापडेपर्यंत तो उडून गेलेला असे. हिरवीत बगळा चटकन सापडे, पण सापडल्यावर वाटे, काळीत जास्त चांगला दिसला असता. सकाळी मी हिरवीच्या बाजूची असे आणि दुपारी काळीच्या.

त्यात चाकाचा घोळ. दुर्बिणीच्या मधोमध एक चाक असतं, ते फिरवलं की चित्र साफ होतं. हिरवीचं चाक उजवीकडे फिरवलं की लांबचं साफ दिसे आणि काळीचं डावीकडे फिरवलं की. एक डोळ्यावरून उतरवून दुसरी लावली की हात पहिलीच्याच सवयीनं फिरे आणि अख्खा तलाव धुक्यात जाई. झाकणांच्याही दोन तऱ्हा. हिरवीची सुटी होती, पहिल्याच दिवशी त्यातलं एक तलावात पडलं. काळीच्या पुढच्या भिंगांना रबराची काळी झाकणं जोडलेली होती. उघडली की खाली लोंबायची, दाबून बसवली की दुर्बिणीचाच भाग वाटायची.

मुलाला फोन केला की तो आणखी गोंधळ घाली. "चित्र कडेपर्यंत साफ आहे का बघ," तो म्हणे. मी म्हणे, "अरे, पक्षी मध्ये असतो, मी कडेला कशाला बघू?" तो म्हणे, "तिथंच तर फरक असतो." मग मी कडेला बघत बसे आणि मधला पक्षी निघून जाई. इंटरनेटवर पाहिलं तर तिथं शहाणीसुरती माणसं या दोन दुर्बिणींवरून बांधाच्या भांडणासारखी भांडत होती. एकानं लिहिलं होतं, दोन्हींत फरक नाही. त्याच्यावर सगळे तुटून पडले होते.

शेवटी नवरा म्हणाला, "तू तुझ्या आबांनाच विचार. समोरच्या डोंगरावरची मेंढी नावानं ओळखणारा माणूस आहे तो." तो थट्टेत बोलला होता. मला मात्र पटलं.

माझं माहेर धारूरकडे, घाटाच्या पायथ्याला. आमची वस्ती मेंढरं पाळणाऱ्यांची. दारात उभं राहिलं की मध्ये ओढा आणि पलीकडे डोंगराची उतरण, सिताफळीच्या झुडपांनी भरलेली. आई गेल्यापासून वडील म्हणजे आबा, माझा धाकटा भाऊ आणि भावजय एवढीच माणसं घरात. भावाची मुलं कंपनीत लागली, ती मेंढरांमागे फिरणार नाहीत हे सगळ्यांना कळून चुकलेलं. भावाचे गुडघे गेलेले. चराईला रान उरलं नव्हतं, जिकडे जावं तिकडे कोणीतरी हटकत होतं. युसूफ वडगाव या गावच्या बाजारातला एक व्यापारी सगळा कळप घ्यायला तयार होता आणि भावाला तो द्यायचा होता.

आबांना द्यायचा नव्हता. आबांना त्याआधीच काचबिंदू झाला होता. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. आबांनी घरी येऊन सांगितलं, भरपूर उरलीय. त्यावरून बापलेकांत रोज खटका उडे. शेवटी चंपाषष्ठीला देवापुढे निवाडा झाला. भावानं भंडारा, देवाची हळद, उचलला. आमच्यात मुठीत भंडारा घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत, मोडला तर घराला लागतो असं मानतात. शब्द असा होता, की जोवर आबांना दारातून समोरच्या उतरणीवरची मेंढरं दिसतात तोवर कळप विकायचा नाही. ज्या दिवशी दिसणार नाहीत त्या दिवशी आबांनी एक शब्द बोलायचा नाही.

परीक्षाही ठरली. भाऊ सकाळी मेंढरं घेऊन उतरणीवर जाई. आबा दारातल्या धोंड्यावर बसून त्याला फोन लावत आणि सांगत, कानफाटी कुठं आहे. कानफाटी म्हणजे कळपाची म्होरकी मेंढी, काळी, कपाळावर पांढरा ठिपका आणि एक कान लहानपणी कुत्र्यानं फाडलेला. ती जिथं जाईल तिथं बाकीच्या जातात. आबांनी सांगायचं आणि भावानं बरोबर की चूक ते सांगायचं. म्हणजे वादीही तोच आणि न्यायाधीशही तोच. मला हे ऐकून तेव्हाच वाटलं होतं की आबा एवढे धूर्त असून असल्या अटीला कसे तयार झाले.

मी दोन्ही दुर्बिणी घेऊन रविवारी गेले. एसटीतली धूळ भिंगांवर बसेल म्हणून काळीची झाकणं दाबून बसवली आणि हिरवी ओढणीत गुंडाळली. घरात पाऊल टाकलं तर भाऊ अजून निघाला नव्हता. त्याला मी हौसेनं सांगितलं की आज आबांकडून दुर्बिणींचा निवाडा घ्यायचाय. त्याचा चेहरा पडला.

"अक्का, हे चालायचं न्हाई," तो म्हणाला. "भंडारा डोळ्याचा उचलला हाय. काचंचा न्हाई."

"चष्मा चालतो की त्यांचा," आतून भावजय म्हणाली. "मग दुर्बीण कावून चालत न्हाई?"

"चष्मा येगळा."

आबा धोंड्यावरून म्हणाले, "माझा मोतीबिंदू काढला तवा डॉक्टरानं डोळ्यात भिंगच बसवलंय. ती बी काचच हाय. मग तवाच कावून न्हाई इकली मेंढरं?"

मला वाटलं आता तासभर वाद चालेल. पण भावानं माझ्याकडे बघितलं, काठी उचलली आणि म्हणाला, "चालंल. बघू द्या त्यांला." इतक्या लवकर तो कधी कशाला कबूल होत नाही. का झाला ते मला कळलं नाही आणि दुर्बिणींच्या नादात मी विचारही केला नाही.

तो उतरणीवर पोचल्यावर मी आबांजवळ बसले. आधी हिरवी दिली. त्यांनी ती हातात फिरवली, वजन बघितलं, वास घेतला आणि डोळ्याला लावली.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"डोंगर."

मग मी हिरवी काढून घेतली आणि काळी पिशवीतून काढून तिचा पट्टा त्यांच्या गळ्यात अडकवला. त्यांनी ती लावली. चाकाला हातसुद्धा लावला नाही. लगेच म्हणाले, "ह्यात साफ हाय. लई साफ." मी चाटच पडले. मला एक बगळा साफ करायला अर्धी सकाळ लागते आणि हे असे सुरुवातीलाच. जन्मभर लांब बघितलेल्या माणसाचं वेगळंच असतं, असं मी मनाशी म्हटलं आणि मला त्यांचा अभिमानही वाटला.

आबांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. "कानफाटी सिताफळीपाशी हाय. कोकरू मागं हाय तिच्या."

"बरोबर," पलीकडून भाऊ म्हणाला.

मी हिरवी डोळ्याला लावून तेच बघत होते. सिताफळीपाशी काहीच नव्हतं. बरंच खाली, काळ्या खडकापाशी कळप पांगला होता आणि सगळ्यांच्या पुढे कपाळावर ठिपका असलेली मेंढी उभी होती. मी फोनकडे वाकून म्हणाले, "अरे, मला ती खडकापाशी दिसतीय."

"अक्का, ती दुसरी हाय," भाऊ घाईनं म्हणाला. "कानफाटी सिताफळीपाशीच हाय."

"तुझी हिरवी खोटी हाय," आबा म्हणाले आणि खुशीत हसले.

मी चाक उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं. सिताफळ ते सिताफळ आणि खडक तो खडक. काळी मागितली तर आबा म्हणाले, थांब की जरा. मग भावजयीनं जेवायला हाक मारली. आबा दुर्बीण गळ्यात तशीच ठेवून जेवले, भाकरीचे तुकडे तिच्यावर पडत होते. गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांना ती काढून मागायला माझी जीभ उचलली नाही. "राहू द्या आठवडाभर," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी येते." त्यांनी पट्टा मुठीत धरला.

तो आठवडा माझा वाईट गेला. हिरवी म्हणते मेंढी खडकापाशी, काळी म्हणते सिताफळीपाशी, आणि जो माणूस मेंढीच्या शेजारी उभा होता तो काळीच्या बाजूचा. म्हणजे एक तर हिरवी खोटी, नाही तर माझे डोळे. मी गच्चीवरून शाळेच्या भिंतीवरचे सुविचार हिरवीतून वाचले. अनुस्वारसुद्धा दिसले. मग म्हटलं, डोळेच असतील, आबांचा रोग आपल्यालाही आला असेल, तो रक्तात उतरतो म्हणतात. भीतीनं बीडला जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. नवरा म्हणाला, "डोळे चांगले, दुर्बीण चांगली, मग वाईट कोण?" मला राग आला, कारण मलाही तेच विचारायचं होतं आणि विचारायला कोणी नव्हतं.

मुलगा म्हणाला, "आई, सरळ आहे. काळी जास्त चांगली. हिरवी परत कर." मी हिरवीचं खोकं शोधून काढलं. पण बांधायला हात होईना. सिताफळीपाशी काही नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

पुढच्या रविवारी वस्तीच्या फाट्यावर एसटीतून उतरले तर समोर आमचीच मेंढरं. वेचणी संपलेल्या कापसाच्या रानात, रस्त्याला लागून, वाळकी पानं खात होती. भाऊ बांधावर टेकला होता. मला बघून तो उठून उभा राहिला.

"डोंगरावर न्हाई गेलास?" मी विचारलं.

"तिथं आता काय हाय खायला? चार दिस झाले, हिकडंच आणायलोय. रानवाल्यानं चारायला बोलिवलंय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं आवाज लहान करायच्या आत मला आबांचा आवाज ऐकू आला. "कानफाटी सिताफळीपाशी हाय. आज जरा वरल्या अंगाला हाय."

कानफाटी माझ्यापुढे उभी होती. माझ्या पिशवीतून भावजयीसाठी आणलेली मेथी डोकावत होती, ती तिनं ओढून काढली होती आणि फाटका कान हलवत खात होती. भावानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाला, "बरोबर हाय आबा."

फोन बंद झाल्यावर मी त्याला काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. तुझ्या बरोबरपायी मी बीडला जाऊन डोळे तपासून आले, हे मात्र नक्की बोलले. तो हसला.

"इकायची तर तुलाच व्हती ना?" मी विचारलं. चिडले की माझी शाळेतली भाषा गळून पडते.

"व्हती की. आज बी इकायची हाय. गुडघे बघ माझे."

"मग एकदा चूक म्हण. खरं तेच म्हणायचंय. भंडारा बी राहील आन् तू बी सुटशील."

तो खाली बसला आणि काठीनं ढेकळं फोडायला लागला. "रोज ठरवतो अक्का. आज म्हणायचं. फोन आला की त्यांचा आवाज ऐकतो आन् बरोबर निघून जातंय तोंडातनं. पैल्या दिशी त्यांचा अंदाज खरंच बरोबर आला व्हता. दुसऱ्या दिशी चुकला, पण मी बरोबर म्हणलो. म्हणलं, एक दिस. आता मधीच चूक म्हणलो तर ते म्हणतेल, कालपतूर दिसत व्हतं, आज कसं न्हाई?" मग म्हणाला, "तुझ्या दुर्बिणीतनं थोडंफार दिसत असंल त्यांला. अर्धं तरी दिसत असंल. म्हणून तर चालंल म्हणलो."

तेव्हा मला त्याचं त्या दिवशी चटकन कबूल होणं कळलं. पण बाकी सगळं जास्तच गुंतलं. ज्याला कळप विकायचाय तोच तो न विकण्यासाठी रोज खोटं बोलतोय आणि खोटं बोलून देवाचा शब्द पाळतोय की मोडतोय, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. मी त्याच्यावर रागावू की त्याच्या पाठीवरून हात फिरवू, हे मला ठरवता येईना. मेथीची जुडी त्या कानफाटीच्या तोंडातून ओढून घेतली आणि घरची वाट धरली.

वाट ओढ्यातून येते. ओढा ओलांडून वर चढलं की घर समोर येतं, म्हणजे दारात बसलेल्या माणसाच्या नेमकं पुढून आपण येतो. पहिल्या रविवारी मी आबांच्या शेजारी बसले होते, दोघं एकाच दिशेला बघत. त्यांना पुढून बघितलंच नव्हतं.

आबा धोंड्यावर बसले होते. कोपरं गुडघ्यांवर टेकवलेली, दुर्बीण डोळ्याला. मी चढत होते आणि दुर्बीण माझ्यावर रोखलेली होती. मी हात केला. त्यांनी केला नाही. आणखी जवळ गेले तेव्हा मला दिसलं की दुर्बिणीला पुढे भिंगंच नाहीत, दोन काळी रबरी झाकणं आहेत. मी एसटीतल्या धुळीसाठी दाबून बसवली होती तशीच्या तशी. त्यांच्यावर आठवड्याची धूळ साचलेली आणि तिला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं.

"कोण हाय?" आबांनी विचारलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

"मी."

"बाई? ये. बस." त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

मी बसले. पूर्ण अंधारात बघून हा माणूस लई साफ म्हणाला होता. पहिल्याच दिवशी म्हणाला होता आणि मी त्यावर अभिमान बाळगत घरी गेले होते. हिरवीत उजेड तरी आला असेल, काहीतरी धुरकट हललं असेल. काळीत काहीच नव्हतं, म्हणून काळी त्यांना जास्त साफ वाटली का? की आता त्यांना उजेड आणि अंधारही वेगळे कळत नव्हते? की झाकणं आहेत हे बोटांना कळलं होतं आणि काढायचं त्यांच्या मनातच नव्हतं? यातलं कुठलं जास्त वाईट, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांना ऐकू गेलं असतं.

थोड्या वेळानं आबाच बोलले. आवाज हळू होता, भावजय आत होती म्हणून.

"बाई, एक इचारू का? ह्यो रोज बरोबरच म्हणतो बग. एक दिस बी चूक म्हणला न्हाई. मी तरणा व्हतो, घारीवानी नजर व्हती, तवा बी चुकायचो. इतका बरोबर मी कधीच नव्हतो."

मी झाकणांकडे बघत राहिले.

"तू बघ बरं," ते म्हणाले. त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, त्यात टोपी अडकली, ती सोडवली आणि दुर्बीण माझ्याकडे धरली, माझ्या जरा डावीकडे. "तू शाळा शिकिवलीस. तू खरं सांगशील. कानफाटी कुठं हाय?"

मी दुर्बीण घेतली आणि डोळ्याला लावली. आत मिट्ट काळं. रबराचा आणि आबांच्या तंबाखूचा वास येत होता. झाकणं उघडायला एक अंगठा पुरला असता. पण उघडूनही समोर मोकळी उतरणच दिसली असती, कारण कानफाटी फाट्यावर उभी होती. झाकणं बंद आहेत म्हटलं काय किंवा मेंढी फाट्यावर आहे म्हटलं काय, त्या एका वाक्यानं भाऊ सुटणार होता. पुढच्या बाजाराला व्यापाऱ्याचा टेम्पो आला असता, त्याच्या गुडघ्यांना विश्रांती मिळाली असती, देवाचा शब्दही राहिला असता. आणि आबा या धोंड्यावर रिकामे बसले असते, उरलेले सगळे दिवस. माझ्या हातात दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण होती आणि मला काहीच दिसत नव्हतं, भावाचं भलं कशात ते नाही, आबांचं कशात तेही नाही.

आबांनी बोटांनी चाचपून फोन लावला. "ह्ये बग, अक्का आली हाय. आज ती सांगती. तू फकस्त बरोबर का चूक ते म्हण."

"सांग अक्का," भाऊ म्हणाला. त्याच्या मागे रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. डोंगरावर कुठला ट्रॅक्टर? आबांनी मान किंचित तिकडे वळवली. त्यांना तो ऐकू आला असणार.

मी काळी डोळ्याला तशीच घट्ट धरली.

"सिताफळीपाशी हाय," मी म्हणाले. "कोकरू मागं हाय तिच्या."

पलीकडे ट्रॅक्टर वाजतच होता. भाऊ आत्ताच माझ्याशी बांधावर बसून बोलला होता. मी काय करतेय हे त्याला पुरतं कळत होतं.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

आबांनी फोन बंद केला आणि खिशात ठेवला. मग हात पुढे केला. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, त्यांनी पट्टा पुन्हा गळ्यात घातला आणि टोपी नीट केली.

"मग दिसतंय म्हणायचं मला," ते म्हणाले.